राजेळीचा मुनवा

ती पोरगी पहिल्यांदा आमच्या केळीच्या वाडीत आली तेव्हा तिने बांधावर चपला काढल्या. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. वाडीत चिखल, शेण, कुजलेला पाला. तिथे चपला काढून कोण शिरतं? सर्वेवाले काढत नाहीत, आणि बिल्डरांचे दलाल तर गाडीतून उतरतसुद्धा नाहीत. एवढी नम्रता ज्याला दाखवावी लागते त्याला काहीतरी न्यायचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको.

"नमस्कार मावशी, मी सुमेधा," ती म्हणाली. मुंबईच्या कुठल्याशा संशोधन संस्थेतून आली होती. बरोबर जीप, जीपमध्ये बर्फाची पेटी, आणि हातात रबरी मोजे. दोन हजार दोनचा नाताळ नुकताच झाला होता. माझा नवरा हिलरी लगेच खुर्ची आणायला धावला. त्याचं असंच आहे. दारात कुणी गोड बोलणारा आला की ह्याचा जीव कोकमतेलासारखा विरघळतो.

मग पोरीने सांगायला सुरुवात केली. जगातले शास्त्रज्ञ आता केळीचा जीनोम वाचणार आहेत. माणसाचा वाचून झाला, भाताचा झाला, आता केळीची पाळी. झाडाच्या कणाकणात एक मोठा मजकूर असतो म्हणे, पान कसं यावं, फळ कसं धरावं, कुठल्या रोगाशी कसं भांडावं, सगळं त्यात असतं. तो मजकूर अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचा. त्यासाठी गावोगावच्या केळी गोळा करायच्या. आणि वसईची राजेळी तिला हवीच होती.

"मिळालं की मग काय करणार?" मी विचारलं.

"अभ्यास, मावशी."

"अभ्यास करून?"

"जपून ठेवणार. केळीला बी नसतं ना. बुडाला फुटणाऱ्या मुनव्यापासून मुनवा, म्हणजे आई आणि लेक एकाच अंगाची. उद्या एखादा रोग आला आणि एक झाड त्याला बळी पडलं, की बाकीची पण पडणार. सगळी सारखीच."

हिलरी तोंड उघडं टाकून ऐकत होता. मी मात्र पेपर वाचते. हळदीचं पेटंट अमेरिकेत घेतलं होतं की नाही? बासमतीवरून केवढी बोंबाबोंब झाली! आपली हळद, आपला तांदूळ, आणि मालक कोण तर भलताच. मी तिला तोंडावर विचारलं, "उद्या आमच्या राजेळीचं पेटंट घेऊन आम्हालाच विकायला आलात तर?" ती जराशी गडबडली, म्हणाली तसं काही नाही होणार. गडबडली ती, मी बघितलं ना!

राजेळी म्हणजे माझ्यासाठी नुसतं झाड नव्हे. माझं माहेर आगाशी. तिथे आमच्या घरात एक रीत आहे. केळीच्या बुडातून पिल्लू फुटतं, त्याला मुनवा म्हणतात. लेकीचं लग्न आलं की आईने स्वतः पहार घ्यायची, उभ्या राजेळीच्या बुडाशी खणायचं आणि एक मुनवा काढून लेकीबरोबर द्यायचा. बाजारातला चालत नाही, गड्याने काढलेला चालत नाही. माझ्या आजीने आईला दिला, आईने मला दिला. मी तो मांडीवर घेऊन सांडोरला सासरी आले, लग्नाच्या साडीला चिकाचे डाग पाडून घेतले. त्याची मी आख्खी रांग उभी केली. दरवर्षी पिकलेली केळी सोलून, मांडवावर वाळवून, पानात गुंडाळून जी सुकेळी मी करते तशी करून दाखवावी कुणी! आणि आमची एलिसा तेव्हा कॉलेजात होती. आज ना उद्या तिच्या लग्नात मुनवा द्यायचा होता. ते झाड मी रबरी मोज्यांच्या हवाली करू?

सरळ नाही म्हटलं असतं तर हिलरीने आठवडाभर तोंड पाडलं असतं. म्हणून मी गोड हसले, पोरीला चहा दिला, हिलरीला तिच्याशी गप्पा मारायला बसवलं आणि मागच्या कोपऱ्यातल्या मुठेळीचा एक मुनवा खणून आणला. कोवळ्या पानाची सुरळीही मुठेळीचीच दिली. मुठेळी भाजीत घालायची केळी, गावात कुणाकडेही मिळते. पाला छाटलेला मुनवा बघून शहरातल्या पोरीला काय कळणार? तिने सुरळी जपून पिशवीत घातली, बर्फात ठेवली, वर आमचं नाव लिहिलं. हिलरीने मुनवा गोणीत भरून जीपमध्ये नेऊन ठेवला. जीप गेल्यावर मी पोट धरून हसले. ज्याने आल्बिनाला फसवायचं तो अजून जन्माला यायचाय!

पुढे ती अधूनमधून यायची. पानं बघायची, फोटो काढायची. मी प्रत्येक वेळी तिच्या मागे मागे फिरायचे, डोळ्यांत तेल घालून. झाडाला हात लावते का, खिशात काही टाकते का. एकदा तिने माझ्या सुकेळीची फार तारीफ केली, तर ती सुकेळी मी तिला दिलीच नाही. मनात म्हटलं, आता सुकेळीचाही जीनोम काढेल बया.

दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या राजेळीला काय झालं कोण जाणे. नवीन पानं निघायची ती अरुंद, ताठ, काठाला पिवळी. शेंड्याला सगळी एकत्र दाटायची, झाडू उभा केल्यासारखी. केळ्यांचा लोंगर धरेना. जुन्या झाडाच्या बुडातून मुनवे फुटले, तेही तसेच खुरटे.

सुमेधा आली, बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "मावशी, हा पर्णगुच्छ आहे. विषाणू आहे. मावा नावाची कीड पसरवते. औषध नाही ह्याला. काढावी लागतील, मुळापासून. मुनवे सुद्धा."

"औषध नाही कसं? रोग आणलास तसं औषधही आण की!"

"मी आणला?"

"मग कुणी? इतकी वर्षं झाड ठणठणीत. तू मोजे घालून हिंडायला लागलीस आणि रोग आला. गावोगाव फिरतेस, कुठून कुठून चिकटवून आणलास."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं असं मी सांगणार नाही, कारण तेव्हा नाही वाटलं. हिलरी मात्र पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, "पुरे ग बाई आता!" आणि तिला जीपपर्यंत सोडायला गेला.

मी झाडं काढू दिली नाहीत. राख टाकली, गोमूत्र फवारलं, देवळात मेणबत्त्या लावल्या. त्या हट्टात रोग माझ्या राजेळीच्या रांगेतून बसराई केळीत गेला, बसराईतून मुठेळीत. त्यातच एलिसाचं लग्न ठरलं. मुलगा निर्मळ गावचा, चांगला, बँकेत कामाला. तारीख जानेवारीची. सासरच्यांनी आमच्या मुनव्याची रीत ऐकलेली, सासू कौतुकाने म्हणाली, "आम्ही घराच्या उजव्या अंगाला जागा करून ठेवलीय." मी हसून मान हलवली आणि घरी येऊन पडून राहिले. वाडीत एकही निरोगी मुनवा नव्हता.

शेवटी ऑक्टोबरात हिलरीने मजूर आणले आणि सगळी वाडी आडवी केली. मी पाठ करून बसले होते. कोयत्याचा आवाज थांबला तेव्हा वळून बघितलं. वाडी एकदम उघडी पडलेली. इतकी वर्षं केळीच्या दाटीमुळे जे दिसत नव्हतं ते समोर स्वच्छ दिसायला लागलं. बावखलाचं, आमच्या गोड्या तळ्याचं पाणी, त्याच्या पलीकडे माझ्या जावेची वाडी. आणि त्या वाडीत, घराच्या मागच्या भिंतीला लागून, राजेळी. हिरवीगार, उंच, आणि हातभर लांब केळ्यांचा लोंगर लटकत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला!

ही जाऊ म्हणजे फ्लॉसी, हिलरीच्या धाकट्या भावाची, फर्डिनंडची बायको. फर्डिनंड वारल्यापासून ती एकटीच वाडी बघते. आमचं बोलणं बंद होतं. कारण सांगते. तिच्या मटिल्डाचं लग्न झालं तेव्हा तिने माझ्याकडे राजेळीचा मुनवा मागितला होता. मी दिला नाही. म्हटलं, ही आमच्या आगाशीची गोष्ट, आईकडून लेकीला जाते, जावेच्या लेकीला नाही जात. मला तेव्हाही बरोबर वाटलं होतं. फ्लॉसीने मटिल्डाची पाठवणी मुनव्याशिवाय केली. त्यानंतर देवळात मिस्सेच्या प्रार्थनेत एकमेकींचा हात धरून शांती द्यायची वेळ आली की मी पुढच्या बाकावरच्या बाईचा हात धरायचे आणि ती मागच्या.

आणि आता तिच्याकडे राजेळी! माझी वाडी उजाड आणि हिची फळाला आलेली. चोरी, दुसरं काय? मी देवळात गेले असताना कुंपणातून शिरून नेला असणार. मी बावखलाच्या काठावरूनच ओरडले, "चोरटे! मुनवा चोरलास माझा!" फ्लॉसी बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि आत निघून गेली. ते आत जाणं मला जास्त झोंबलं. खरी असती तर भांडली नसती का?

तेव्हा मला ती सुमेधा आठवली. टीव्हीवर दाखवतात, रक्ताच्या थेंबावरून बाप कोण ते कळतं. मग झाडाची आई कोण ते कळणार नाही? ज्या मशीनवर माझा काडीचा विश्वास नव्हता तेच मशीन मी मागवलं. एस.टी.डी. बूथवरून तिला फोन लावला, म्हटलं ये, तुझ्या विद्येचा उपयोग करून दाखव. हिलरीला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे आल्बिना. सोड." मी म्हटलं, तू गप्प बैस.

रविवारची मिस्सा आटोपून आम्ही सगळे फ्लॉसीच्या वाडीत उभे राहिलो. फ्लॉसी, हिलरी, मी आणि चपला काढून आलेली सुमेधा.

"लाव आता तुझं मशीन," मी म्हटलं, "आणि सांग हिला, हे माझं झाड आहे की नाही."

सुमेधाने पानाला हातसुद्धा लावला नाही. "मशीन कशाला, मावशी? तुमच्याच राजेळीचं आहे हे."

"ऐकलंस, फ्लॉसी?"

"पण त्यांनी चोरलं नाही. मी दिलं. आमच्याकडे प्रयोगशाळेत तयार केलेलं रोप आहे हे, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात लावलं. रोग लागायच्या आधीच्या मुनव्यापासून केलेलं, म्हणून निरोगी आहे."

मला हसूच फुटलं. "खोटं बोलायचं तर नीट तरी बोल ग! तू कुठून देणार? मी तुला राजेळी दिलीच नव्हती. मुठेळी दिली होती, मुठेळी! तीन वर्षं तू मुठेळीचा जीनोम वाचत बसलीस!"

किती दिवस हे तोंडात दाबून ठेवलं होतं. आता तिची चांगली जिरली असं वाटून मी तिच्याकडे बघितलं, तर ती शांत.

"माहीत आहे, मावशी. पहिल्याच चाचणीत कळलं. मी परत येऊन विचारणार होते, पण त्याआधीच दुसरा मुनवा आमच्याकडे आला."

"आला म्हणजे? पायांनी चालत आला?"

ती खाली बघायला लागली. फ्लॉसीही खाली बघायला लागली. हिलरीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मी नेला," तो म्हणाला.

मला आधी नीट कळलंच नाही. "काय नेलंस?"

"राजेळीचा मुनवा. तू दिलेली मुठेळी होती ते गोणीत भरतानाच दिसलं मला. तेव्हा गप्प बसलो. पण ती पोरगी जे बोलली ना, एक गेलं तर सगळी जाणार, ते माझ्या डोक्यातून जाईना. तू आगाशीला गेली होतीस तेव्हा एक चांगला मुनवा काढला, ओल्या पोत्यात गुंडाळला आणि नेऊन दिला. त्यांना म्हटलं, रोपं झाली की पहिलं आमच्या फर्डिनंडच्या घरी द्या, आणि आल्बिनाला बोलू नका."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"तुला सांगितलं असतं तर तू मुंबईला जाऊन उपटून आणला असतास."

ते खरंच होतं, आणला असता. पण खरं असलं म्हणून काय झालं! सुमेधावर संशय घेतला, फ्लॉसीवर घेतला, जीपच्या ड्रायव्हरवर, मजुरांवर, पेपरातल्या अमेरिकेवर घेतला. घरातल्या ह्या एका माणसावर कधी घेतला नाही, आणि ह्यानेच मला फसवलं. शिवाय फसवलं नसतं तर आज माझ्या आईच्या राजेळीचं पानही कुठे उरलं नसतं. राग तरी कुणावर काढायचा? मला रडू आलं. सगळ्यांच्या देखत आलं, ह्याची मला जास्त लाज वाटली.

जाताना सुमेधा म्हणाली, "मावशी, एक मोसम जमीन मोकळी ठेवा. पुढच्या पावसाळ्यात तुम्हालाही रोपं देते."

"आणि ते पेटंटचं?"

तिने चपला पायात सरकवल्या. "आमच्या हातून तसं होणार नाही. पण जगात पुढे कोण काय करेल ते मी नाही सांगू शकत."

"निदान हे तरी खरं बोललीस," मी म्हटलं. माझा तिच्यावर अजून पुरता विश्वास नाही. पण त्या दिवशी तिला सुकेळीचा पुडा दिला.

पावसाळ्यात रोपं मिळणार, आणि एलिसाचं लग्न जानेवारीत. हिलरीशी मी नाताळापर्यंत धड बोलले नाही. तोही जेवून उठायचा आणि रिकाम्या वाडीत जाऊन बसायचा. एलिसा म्हणाली, "मम्मी, मुनवा नसला तर नसू दे." असं ती बोलली की मला जास्तच लागायचं. सासूने जागा करून ठेवलेली, आणि माझ्या आजीपासून चालत आलेलं माझ्याच हातून तुटणार. मग आठवलं. आई आणि लेक एकाच अंगाची, असं ती पोरगीच म्हणाली होती. म्हणजे फ्लॉसीच्या भिंतीला उभं आहे तेही माझ्या आईचंच झाड. त्याच्या बुडाशी मी स्वतः खणलं तर रीत मोडत नाही.

फक्त फ्लॉसीकडे मागायला जायचं होतं.

पहार घेऊन गेले. काय बोलायचं ते घरून ठरवून निघाले होते, तिच्या दारात पोचेपर्यंत सगळं विसरले. फ्लॉसी तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "एलिसासाठी एक मुनवा हवा होता." एवढंच. माफी मागितली नाही. जीभ उचललीच नाही.

फ्लॉसीने सूप बाजूला ठेवलं. माझ्या हातातल्या पहारेकडे बघितलं. मग म्हणाली, "मागे आहे. काढ."

मागे गेले. बुडाशी तीन मुनवे होते. दोन अगदीच कोवळे, आत्ताच मातीतून डोकं काढलेले. लावण्याजोगा एकच, कमरेएवढा, टपोऱ्या कंदाचा. त्याच्या देठाला एक लाल रिबन बांधलेली होती. माझं डोकं परत फिरलं. बघा, खूण करून ठेवलीय! माझ्यावर नजर ठेवायला! आल्बिना एकाऐवजी दोन नेईल म्हणून! मी त्याच रागाने पहार घातली, मुळं सोडवली आणि तो मुनवा उचलून घरी आणला. रिबन सोडलीसुद्धा नाही. म्हटलं, असू दे, बघू दे सगळ्यांना, जाऊ कशी खूण करून मोजून देते ती.

लग्न छान झालं. देवळातून निघताना एलिसाच्या एका हातात फुलं, दुसऱ्या हाताने ती झगा सावरत होती. अशा वेळी मुनवा बहिणीने उचलायचा असतो. एलिसाला सख्खी बहीण नाही. मी इकडेतिकडे बघत होते, तोवर मटिल्डा पुढे झाली. गिरीजहून नवऱ्याबरोबर आली होती, चांगली रेशमी साडी नेसून. "काकी, दे, मी घेते," म्हणाली.

मी मुनवा तिच्या हातात दिला. तिने तो उचलला आणि थांबली. तिची नजर रिबनवर गेली होती. बोटांनी तिने ती गाठ चाचपली.

"काय ग?" मी विचारलं.

"ही मी बांधली होती, काकी. दिवाळीत आले होते तेव्हा. मम्मी म्हणाली होती, हा तुझा, मोठा झाला की काढून देईन." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, "मम्मी बोलली नाही तुला?"

चार पावलांवर फ्लॉसी उभी होती, ती पाहुण्यांशी बोलत राहिली. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. ह्या पोरीला मी एकदा नाही म्हटलं होतं, आणि आता तिच्या नावाचा खणूनच आणला होता. मी हात पुढे केला, म्हटलं, "दे इकडे, एलिसाला मी सांगते, हा तुझाच..."

"राहू दे, काकी. लग्न आहे आज तिचं."

मटिल्डाने रिबन सोडली, घडी करून पर्समध्ये टाकली. मुनव्याच्या मुळांची माती साडीला लागत होती, तिकडे तिने बघितलंही नाही. लेकरू घ्यावं तसा तो कडेवर घेतला आणि एलिसाच्या मागोमाग गाडीत जाऊन बसली.